तार करण्याजोगे काही नाही

आमच्या आजोळच्या माजघरात दोन घड्याळे होती. एक सगळ्यांचे होते आणि दुसरे, खिडकीजवळच्या टेबलावरचे, बरोबर साडेपाच तास मागे चालणारे. नव्या पाहुण्याची त्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहून फसगत होणे हा आमच्या मे महिन्याच्या सुट्टीतला ठरलेला विनोद होता; एकदा एक व्याही दुपारी जेवायच्या वेळी "अहो, अजून सातच वाजलेत" म्हणून समुद्रावर फिरायला निघाले होते. ते घड्याळ भाऊमामांचे होते. जगभरातले हौशी रेडिओवाले आपल्या नोंदी ज्या एका सामाईक वेळेत करतात, त्या वेळेला ते लावलेले असे. मामी त्याला 'ह्यांचे सासरचे घड्याळ' म्हणत, कारण घरात असूनही मामांचा निम्मा जीव त्या वेळेत वावरत असे.

भाऊमामा गेल्या आषाढात गेले. त्यांचे वय ८५ होते. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत, इतकेच. हौशी रेडिओवाल्यांना हॅम म्हणतात; या हॅम मंडळींमध्ये आपल्यातला कोणी गेला की तो 'सायलेंट की' झाला असे म्हणतात, म्हणजे त्याची मोर्सची, टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, कळ आता वाजणार नाही. सकाळी सातच्या सुमारास ७ मेगाहर्ट्झवर जी मंडळी रोज एकमेकांची हजेरी घेतात, त्यांना मी फोनवरून कळवले, आणि दुसऱ्या दिवशी मामांच्याच सेटवर, नुसते ऐकत बसून, त्यांनी मामांच्या नावे पाळलेली शांतता ऐकली. शांतता ऐकली असे म्हणणे चमत्कारिक वाटेल. पण रेडिओवरची शांतता कधीच निःशब्द नसते. तीत खरखर असते, कुठेतरी दूर पडणाऱ्या विजेची कडकड असते, आणि त्या दिवशी आमच्या बाजूला पाऊस इतका होता की त्या दोन मिनिटांत विजेखेरीज काहीच ऐकू आले नाही.

मामा दापोली तालुक्यातले, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. चिऱ्याचे घर, नळ्यांची कौले, पुढे खळे, मागे माडापोफळींचे आगर आणि आगर संपले की खाजण. १९६० साली ते तार खात्यात लागले आणि १९९७ साली, तेव्हाच्या नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी, निवृत्त झाले. जिल्ह्यातल्या दोन-तीन गावी त्यांची बदली झाली, पण लोकांच्या तोंडी ते कायम 'तारमास्तर'च राहिले. या नावात आदर होता तसा धाकही होता. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे सांगावे लागेल की कोकणातल्या घरात तार येणे ही गोष्ट साधी नव्हती. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या तरी दुकानात, आणि इकडे म्हातारी माणसे. तार आली म्हणजे काय आले असणार हे ती उघडण्यापूर्वीच कळत असे. मजकूर इंग्रजीत असे, वाचणारा शोधून आणावा लागे, पण 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' हे चार शब्द इंग्रजीचा गंध नसलेल्या बायांनाही पाठ होते. तारवाला पाणंदीत दिसला तरी काही घरांतून रडणे सुरू होई. प्रत्येक शब्दाला पैसे पडत, त्यामुळे कोणी जास्तीचा शब्द घालत नसे. सणासुदीच्या शुभेच्छांनासुद्धा क्रमांक ठरवून दिलेले होते. क्रमांक पाठवायचा आणि पलीकडच्या मास्तराने त्या क्रमांकाचे वाक्य लिहून घ्यायचे.

दिवसभर हे काम करणाऱ्या माणसाने रात्री घरी येऊन पुन्हा तीच कळ का दाबावी, हा प्रश्न मला लहानपणी पडत असे. १९७४ साली मामांना हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा परवाना मिळाला. त्यासाठी परीक्षा असते: थोडे विद्युतशास्त्र, थोडे नियम आणि त्या काळी मोर्सही. मोर्समध्ये मामा सहज पार पडतील असे सगळ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात त्यांना तिथेच त्रास झाला. तार कचेरीतल्या साउंडरमध्ये, म्हणजे आलेली तार ऐकवणाऱ्या यंत्रात, सूर नसतो. तिथे दोन ठोके असतात, आणि त्या ठोक्यांमधला अवकाश लहान की मोठा यावरून टिंब की रेघ हे ओळखायचे असते. रेडिओवर मात्र बासरीसारखा एक अखंड सूर, तुटणारा आणि पुन्हा लागणारा. "चौदा वर्षे पावलांचा आवाज ऐकून माणूस ओळखला," मामा सांगत, "आणि आता म्हणे त्याची शीळ ऐकून ओळखा." महिनाभर त्यांनी जुने कान विसरण्याची मेहनत केली. मग परीक्षा झाली, मग पोलीस चौकशी झाली. वर्दीतला माणूस दारात येऊन 'हे बिनतारी यंत्र कशासाठी हवे' असे विचारून गेल्यावर गावात पुढे कितीतरी दिवस मामांबद्दल कुजबुज चालू होती. १९९३ साली शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरल्याचे उघड झाले तेव्हाही कोणीतरी येऊन सेट पाहून गेले. मामांनी दोन्ही वेळा परवाना दाखवला, चहा दिला आणि आयनोस्फिअर समजावून सांगितले. दोन्ही वेळा पाहुणे चहा संपताच उठले.

ते समजावणे मात्र ऐकण्यासारखे असे. खाडीवर चपटा दगड तिरका मारला की तो पाण्यावर भाकऱ्या काढत जातो, तसेच हे, फक्त उलटे, असे ते सांगत. वर, शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या प्रखर किरणांनी हवेतले अणू विद्युतभारित होऊन जे थर तयार होतात, त्यांच्यावर आपटून लघुलहरी खाली येतात, समुद्रावरून पुन्हा वर जातात, पुन्हा खाली येतात, आणि अशा तीन-चार उड्यांत जपान येते. दिवसा सर्वांत खालचा थर ७ मेगाहर्ट्झसारख्या लहरी बऱ्याचशा गिळून टाकतो, म्हणून दिवसा पुणे-मुंबई-हैदराबाद. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि पल्ला वाढत जातो. म्हणून मामांची खरी वेळ दिवेलागणीनंतरची. परवचा म्हणणारी मुले पडवीत आणि मामा माजघरात, अशी त्या घराची संध्याकाळ होती.

पहिला ट्रान्समीटर त्यांनी स्वतः बांधला. ८०७ नावाचा एक व्हॉल्व्ह, एकच क्रिस्टल, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एस.टी.ने, मांडीवर धरून आणलेला ट्रान्सफॉर्मर. क्रिस्टल एकच असल्यामुळे फ्रिक्वेन्सीही एकच. जगाने तिथे यायचे, मामा हलणार नाहीत. साठ-सासष्ट फुटांची तांब्याची तार दोन माडांच्या शेंड्यांना बांधलेली होती, आणि ती बांधायला नारळ उतरवणारा पाडेलीच लागे. नारळ उतरवण्याच्या फेऱ्यांत 'एरियल सोडणे आणि बांधणे' अशी वेगळी मजुरी देणारे तालुक्यातले ते एकमेव गिऱ्हाईक असावे. खाऱ्या हवेने तार दोन-तीन वर्षांत हिरवी पडे आणि टाक्याच्या जागी तुटे. समुद्राने मामांचे जितके नुकसान केले तितकाच फायदाही केला, कारण खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते आणि उभ्या एरियलखाली ते असेल तर लहर क्षितिजाला घासून लांब जाते; खाजणाच्या कडेला रोवलेल्या एका बांबूवरच्या तारेने त्यांनी पूर्व आफ्रिका गाठली होती.

आणि बोलत काय? हे मला मोठेपणी कळले, आणि कळल्यावर मी बराच वेळ हसत होतो. हौशी रेडिओवर काय बोलावे याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमात २००३ पर्यंत एक विलक्षण वाक्य होते. प्रयोगांविषयीचे तांत्रिक संदेश चालतील, आणि त्याखेरीज, ज्यांच्या क्षुल्लकपणामुळे सार्वजनिक तार-टेलिफोन सेवेचा आधार घेणे समर्थनीय ठरणार नाही, अशा वैयक्तिक स्वरूपाच्या गोष्टी चालतील. सरकारांचा हेतू उघड होता: फुकटच्या रेडिओने तार खात्याचे उत्पन्न बुडू नये. पण परिणाम असा झाला की तार करण्याच्या लायकीचे जे असेल ते रेडिओवर बोलायचे नाही, आणि जे तार करण्याच्या लायकीचे नाही तेवढेच बोलायचे. तारमास्तराला याहून मोठी सुट्टी कोणती मिळणार? दिवसभर मरणे, आजारपणे, नोकरीचे हुकूम आणि कोर्टाच्या तारखा. रात्री ओसाकाच्या माणसाला 'इकडे वारा पडला आहे, उकडते आहे' असे सांगायचे आणि त्याच्याकडे चेरीला मोहोर आल्याचे ऐकायचे.

मामींचे मत वेगळे होते. "सगळ्या दुनियेला सांगतात, आज आमच्याकडे पाऊस पडला," त्या म्हणत, "मला कधी सांगितलंय? मी अंगणात वाळवणं घालून बसलेली असते." तक्रार खरी होती. मामा घरात फारसे बोलत नसत. पण मामींना मोर्स न शिकताच थोडे येऊ लागले होते. संभाषण संपवताना तीन लघु, एक दीर्घ, एक लघु, एक दीर्घ अशी एक खूण पाठवतात. ती चाल माजघरातून ऐकू आली की मामी पाने घेत आणि भात वाढायला लागत, आणि मामा हेडफोन काढून हात धुऊन येईपर्यंत वर तूपही पडलेले असे. पन्नास वर्षांच्या संसारात 'जेवायला चला' हे वाक्य त्या घरात किती वेळा उच्चारले गेले असेल याची मला शंकाच आहे.

मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाची एक लकब असते. इंग्रजीत तिला मूठ म्हणतात, मामा तिला 'हात' म्हणत, तबलजीचा हात म्हणतात तसा. कोणाची रेघ रेंगाळते, कोणी दोन अक्षरांमध्ये श्वास घेतो, आणि नाव सांगण्याआधीच माणूस ओळखू येतो. मामांना असे शेकडो हात ठाऊक होते. ज्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत अशांबद्दल ते 'याचा हात हल्ली थरथरतो, तब्येत बरी नसावी' असे सांगत, आणि काही महिन्यांनी तो आवाज येईनासा होई. प्रत्येक भेटीनंतर पोस्टाने एकमेकांना कार्ड पाठवायचे असते. त्यावर तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाज किती स्पष्ट होता याचे आकडे आणि चार शब्द शेऱ्याचे. ही भेट झाल्याची पावती. दहा फळ्यांच्या कपाटात ती कार्डे भरली होती, आणि दमट हवेत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मामी दर दिवाळीआधी ती उन्हात घालत.

नियमाची दुसरी बाजू मात्र मी मामांना बरीच वर्षे माफ केली नव्हती. आमच्या वाडीच्या खाली मोहल्ला आहे, आणि तिथल्या बहुतेक घरांतला कोणी ना कोणी आखातात. आम्ही सगळे जिला खाला म्हणत असू, तिचा मुलगा कुवेतला होता. ऐंशीच्या दशकात कधीतरी तिने मामांना येऊन सांगितले की त्याच्या बायकोला मुलगी झाली आहे, एवढे त्याला कळवा. मामांनी हात जोडून नाही म्हटले. दुसऱ्याचा निरोप पोचवणे परवान्यात बसत नव्हते. परक्या देशातल्या माणसाला मामा भरतीची वेळ सांगू शकत होते, पण शेजारणीला नात झाल्याचे सांगू शकत नव्हते. मी तेव्हा शाळकरी होतो आणि मला तो कोरडा सरकारी माणूस वाटला. त्यांनी तिच्याकडून एक पैसाही न घेता दुसऱ्या दिवशी कचेरीतून रीतसर परदेशी तार केली, हे मला ठाऊक होते, तरी वाटले.

मग २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. फोन बंद, पत्रे बंद. मी त्या वर्षी पावसाळ्यात आजोळी नव्हतो, त्यामुळे पुढचे मला फार उशिरा कळले. खाला पुन्हा आली होती म्हणे. काही मागितले नाही, ओट्यावर बसून राहिली. मामांनी तिला काय सांगितले ते मामींनाही आठवत नाही. अम्मानमार्गे विमानांनी १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले, त्यांत तिचा मुलगा ऑक्टोबरात आला. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी घेऊन. त्याच्या येण्याशी मामांचा काही संबंध नव्हता.

आता मामांच्या वह्या माझ्याकडे आहेत. हौशी केंद्रचालकाने प्रत्येक प्रक्षेपणाची नोंद ठेवायची असते, नुसती साद घातली आणि कोणी ओ दिली नाही, तरीसुद्धा. १९९० च्या वहीत ऑगस्टची पाने उघडली, तर ५ तारखेपासून सलग अकरा रात्री एकाच प्रकारच्या नोंदी आहेत. १४ मेगाहर्ट्झ, मग ७, मग पुन्हा १४. कोणाला, या रकान्यात कुवेतच्या हॅम केंद्रांची जी आद्याक्षरे असतात ती लिहिलेली. उत्तराचा रकाना रिकामा. सूर्यावरचे डाग वाढले की लहरी लांब पोचतात, आणि ते वर्ष या सौरडागांच्या ऐन भराच्या आसपासचे, अडीच हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर म्हणजे त्या दिवसांत किरकोळ गोष्ट. लहरी पोचत नव्हत्या असे म्हणायला फारशी जागा नाही. पलीकडे कोणी नव्हते, किंवा असलेच तर उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते. अकरा रात्री मामा नियम मोडायला बसले होते, आणि मोडण्याचा प्रयत्नही त्यांनी नियमाप्रमाणे, वेळ आणि मिनिटांसह, नोंदवून ठेवला होता. हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही. मीही कधी विचारले नव्हते.

निवृत्तीनंतरच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. तो सुखाचा होता. हैदराबादच्या अशर फरहान यांनी साध्या सुट्या भागांतून बांधता येईल असा 'बिटएक्स' नावाचा सेट सुचवला, त्यात कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर चालत, आणि मामांनी दापोलीच्या नळवाल्याकडून मूठभर वॉशर आणून तो बांधला. ५ मे २००५ ला इस्रोने हॅमसाठीच 'हॅमसॅट' नावाचा छोटा उपग्रह सोडला, तेव्हा हाती धरायचा एरियल करून खळ्यात आकाशाकडे वळवत फिरणारे मामा पाहायला पोरे जमत. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली. त्या दिवशी शहरांत लोक रांगा लावून शेवटची तार करत होते. मामा गेले नाहीत. "तार करण्याजोगं काही नाही," म्हणाले. पुढे संगणकावर चालणारी एफटी८ ही पद्धत आली, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत दोन यंत्रे एकमेकांना ओळख आणि आकडे देतात आणि भेट संपते. मामांनी ती महिनाभर करून पाहिली. मानवी कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संदेश ती उचलते याचे त्यांना कौतुक वाटले, पण त्यात पावसापाण्याचे बोलायला जागाच नाही म्हणून त्यांनी ती सोडली. मला ते पटत नाही. हल्लीची मुले त्यातूनच या छंदात येतात.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ मात्र राहून जाऊ नये. दुपारी ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले आणि आमच्या पट्ट्यातली आगरेच्या आगरे झोपवून गेले. एरियलचे दोन्ही माड पडले. वीज गेली ती कित्येक आठवड्यांसाठी, मोबाइलचे मनोरे बंद, रस्त्यावर झाडे. ऐंशीच्या घरातल्या मामांनी दुसऱ्या दिवशी तुटलेल्या तारेचे तुकडे जोडून ती सरळ गडग्यावर, कमरेइतक्या उंचीवर, काठ्यांना बांधली. इतक्या खाली बांधलेली तार लहर जवळजवळ सरळ वर फेकते आणि ती शे-दोनशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारखी खाली येते. दूर जायचे नसेल तर हेच बरे. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट लागला. आपत्तीत दुसऱ्याचे निरोप पोचवायला नियमही परवानगी देतात. तोंडाला फडकी बांधून, अंतर ठेवून, वाडी आणि मोहल्ला चिठ्ठ्या घेऊन खळ्यात उभा राहिला, आणि मामांनी सवयीने प्रत्येक चिठ्ठीतले शब्द मोजून जास्तीचे खोडले. 'आई सुखरूप. छप्पर गेले. येऊ नका.' पुण्याच्या आणि मुंबईच्या हॅमनी ते लिहून घेतले आणि फोनवरून घरोघर कळवले. मुंबईत मला आलेला निरोप 'सर्व ठीक. माड गेले.' असा होता. चारच शब्द. इतक्या वर्षांनी त्यांनी पुन्हा तार केली होती, आणि दोन दिवस जिवाला घोर लागलेला असताना ती वाचून मला, का कोण जाणे, पुढे आणखी काही असायला हवे होते असे वाटले. उकाडा आहे, वारा पडला आहे, असे काहीतरी.

वह्यांतली शेवटची नोंद जाण्याच्या आदल्या दिवसाची आहे. ७ मेगाहर्ट्झ, संध्याकाळची वेळ, आकडे चांगले. पलीकडे केरळातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांचा 'हात' मामांना तीस वर्षे ठाऊक होता. शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिले आहे: 'त्यांच्याकडे पाऊस थांबला. आमच्याकडे बरका फणस पाणचट झाला.' अक्षर थोडे कापरे आहे.

त्या भेटीचे कार्ड पाठवायचे राहिले होते. तेराव्याचे सगळे आटोपल्यावर, पाहुणे गेले त्या दुपारी, मी मामांच्या कार्डांच्या गठ्ठ्यातले एक कोरे कार्ड घेतले आणि वहीवरून तारीख, वेळ, आकडे उतरवले. वेळ लिहिताना चुकून आपले घड्याळ पाहिले आणि कार्ड फुकट गेले, दुसरे घेतले. शेऱ्याच्या जागी 'केंद्रचालक निवर्तले' असे लिहावे की नाही यावर विचार करत बसलो होतो. मामी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण कार्डावर कुठे काय असते ते त्यांना पन्नास वर्षांत पाठ झाले आहे. रिकाम्या जागेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "फणसाचं लिहिलं नाहीस?"